तीनदा ओढून पाहिलेलं कुलूप

"या माणसाची चूक एका वाक्यात सांग," परीक्षक म्हणाले.

तिने घसा साफ केला. "सहा महिने उशीर, सर. कारखाना मार्चमध्येच बंद करायला हवा होता. त्यांनी तो सप्टेंबरपर्यंत ओढला."

मॅनेजमेंटच्या पदवीचं शेवटचं वर्ष, शेवटची तोंडी परीक्षा. बाकीच्यांनी प्रकल्पासाठी गडगंज नफ्यातल्या कंपन्या निवडल्या होत्या, हिने बुडालेला कारखाना. मार्गदर्शक मॅडमनी कपाळाला हात लावला होता. बाबा पार्सलच्या दुकानात वजनकाट्यावर बसायचे, विषय ऐकून तेही म्हणाले होते, "मार्क मिळतील असं काहीतरी घे की." पण ऐकेल ती कसली! लहानपणी तिच्या प्रश्नांना कंटाळून घरच्यांनी तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं, आणि वर्गातही तेच चिकटलं.

कारखाना कुलुपांचा. तो बंद पडला तेव्हा 'कुलुपांच्या कारखान्याला कुलूप' हा विनोद शहरभर फिरला होता. तिने तो अहवालात घेतला नव्हता. अहवालात कुणाचं नाव घालायचं नाही, फक्त हुद्दा लिहायचा, असा विभागाचा नियम होता. म्हणून सगळीकडे 'मॅनेजर' एवढंच.

परीक्षक बाहेरून आलेले, साठी उलटलेले, आणि मार्क देताना हात आखडता घेणारे म्हणून प्रसिद्ध. त्यांनी पहिलं पान पुन्हा उघडलं.

"चूक म्हणतेस, आणि प्रकल्पाचं नाव 'एक उत्तम मॅनेजर'. हे कसं काय?"

"बाजारात स्वस्त कुलुपं आली, सर. मालक म्हणाले, कारखाना बंद करा, चाळीसही माणसं लगेच कमी करा. मॅनेजरनी सहा महिने मागून घेतले. रोज दुपारी ते दुसऱ्या कारखान्यांचे उंबरे झिजवायचे. माझ्या माणसाचा हात तरी बघा, म्हणायचे. शेवटच्या दिवशी चाळीसच्या चाळीस जणांना दुसरीकडे काम मिळालेलं होतं."

"आणि मॅनेजरना?"

"नव्हतं, सर."

तिचा आवाज चढला होता. अभिमान लपवायचा म्हटला तरी लपतो थोडाच! त्या चाळीसपैकी बारा जणांना तिने गाठलं होतं. एकाने सांगितलं, साहेब दर पेटीतलं एक कुलूप स्वतः तीनदा ओढून बघायचे, मगच पेटी बाहेर जायची. पॅकिंगमधल्या बाई म्हणाल्या, "आमच्या चुली पेटत्या राहिल्या गं. त्यांच्या चुलीचं कुणी विचारलंच नाही."

"बारा मुलाखती," परीक्षक म्हणाले. "सगळी वरात आली आणि नवरदेवच गायब. मॅनेजरची मुलाखत कुठे आहे?"

"चारदा विचारलं, सर. पहिल्यांदा म्हणाले, कामात आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, जुनी मढी कशाला उकरतेस. तिसऱ्यांदा दार लावून घेतलं. चौथ्यांदा नुसते चष्मा पुसत बसले."

"इथे लिहिलंयस, त्यांना स्वतःची लाज वाटते. हे त्यांनी सांगितलं?"

"नाही, सर. कारखान्यावरून जायला लागू नये म्हणून ते रोज लांबच्या रस्त्याने जातात. कारखाना आपणच बुडवला असं त्यांनी मनाशी धरलंय."

"पाळत ठेवली होतीस की काय?"

"अभ्यास केला, सर."

शेजारी बसलेल्या मार्गदर्शक मॅडमनी हसू दाबलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी अहवाल मिटला.

"हे काम अर्धवट आहे. ज्याच्याबद्दल निकाल द्यायचा, त्याचं म्हणणंच नाही. शुक्रवारपर्यंत त्यांची मुलाखत जोड. नाहीतर मी नापास करीन."

यात नापास म्हणजे पदवीच अडकली.

"ते नाही बोलणार, सर."

परीक्षकांनी शेजारच्या खुर्चीवरची जुनी चामड्याची बॅग मांडीवर घेतली. बॅगेच्या कडीला छोटंसं पितळी कुलूप होतं. ती खोलीत आली तेव्हापासून तिची नजर त्याच्याकडेच जात होती, कारण त्यावर त्याच कारखान्याचा ठसा होता. परीक्षकांनी किल्ली फिरवून कुलूप काढलं आणि किल्लीसकट तिच्यापुढे सरकवलं.

"सतरा वर्षं वापरतोय. एकदाही अडकलं नाही," ते म्हणाले. "पाचव्यांदा जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

ती उठली तेव्हा मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांनी असा हात कुणाच्या पाठीवर ठेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ती पाचव्यांदा गेली. दार उघडंच होतं. ते टेबलाशी बसले होते. तिच्या हातातला अहवाल पाहून त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. या वेळी ती मुलाखतीचं काही बोललीच नाही. तिने फक्त कुलूप त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांचा हात थांबला. चष्मा परत डोळ्यांवर चढला. त्यांनी कुलूप उजेडात धरून ठसा वाचला.

"कुठे मिळालं?"

"परीक्षकांच्या बॅगेला होतं. सतरा वर्षं वापरतायत. एकदाही अडकलं नाही म्हणाले."

मग त्यांनी कुलूप खटकन बंद केलं आणि ओढून पाहिलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा चांगला जोर लावून. कुलूप हललं नाही. कित्येक वर्षं वाकलेली त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली.

"काढ वही, प्रश्नपत्रिके," बाबा म्हणाले.