गार सिलिंडर

सकाळपासून वीज नव्हती. म्हाताऱ्याच्या बायकोचं श्वासाचं यंत्र हायड्रोजनच्या सिलिंडरमधून बनणाऱ्या विजेवर तग धरून होतं, ते आता कुरकुरायला लागलं. मुलीने सिलिंडरला हात लावला. "बाबा, बर्फासारखा गार पडलाय. संपला." त्याची अख्खी हयात असले सिलिंडर भरण्यात गेली होती. "संपला नाही. आतल्या धातूने वायू पोटात धरून ठेवलाय. वायू सोडताना धातू गारठतो, आणि गारठला की सोडायचं नाव घेत नाही. त्याला ऊब द्यावी लागते." त्याने सदऱ्याची बटणं काढली, सिलिंडर उघड्या छातीशी धरला, वर शाल ओढली. दात वाजू लागले, पण मिठी सुटली नाही. दाबाचा काटा हळूहळू चढला, यंत्र पुन्हा घुमू लागलं. मुलीने आईचा हात धरला. "बाबा, आईपण गार पडलीये." त्याने बायकोचा तळवा शालीखाली ओढला. "थांब. ऊब लागू दे."