घरचं पाणी

"इथल्या नळाचं तरी पाणी दे ना," मोटरहोममध्ये मागच्या बिछान्यावर पडलेले भास्करराव तापात पुन्हा म्हणाले. इंग्लंडहून, लेस्टरच्या घरून भरून आणलेली पाण्याची टाकी परवाच संपली होती.

"अहो, कळ काढा थोडी. सीमेवरचा नाका आलाच," गाडी चालवता चालवता शरयूबाई म्हणाल्या.

बोट टेकवलं की युरोपचं पाणी अंगात किती मुरलंय ते सीमेवरचं यंत्र सांगायचं. त्यावरूनच मुक्काम मोजायचे. भास्कररावांची मुदत काठावर होती. इथल्या घोटभर पाण्यानेही ती उलटली, तर फ्रान्सला लेकीकडे पुन्हा कधीच जाता येणार नव्हतं.

मागून आवाज येईनासा झाला. झोप लागली, बरं झालं, असं शरयूबाईंना वाटलं.

सीमेवर अधिकाऱ्याने आत चढून भास्कररावांचं बोट यंत्रावर टेकवलं. हिरवा दिवा लागला.

"यांची मुदत शिल्लक आहे," अधिकारी म्हणाला, आणि गार पडलेला हात त्याने हळूच पांघरुणात ठेवला.