नऊ नंबरची घंटा

बटण तिसऱ्यांदा दाबलं तरी नऊ नंबरच्या खाटेची घंटा वाजली नाही. वॉर्डातल्या बाकी अकरा घंटा सिस्टरांच्या टेबलावर बरोबर वाजत होत्या.

"तुझी जोडणी ढिली असणार," खाली शिडी धरून उभे असलेले काका म्हणाले.

 शिडीवरच्या मुलीने छताजवळची डबी पुन्हा उघडली, बारीक तारा सोडवल्या, सोलल्या, पुन्हा आवळल्या. सकाळपासून ही चौथी वेळ.

"आता दाबा, काका."

काकांनी दाबलं. काही नाही.

"चोवीस व्होल्ट!" काका हसले. "याला काय करंट म्हणायचं? मुंगीला गुदगुल्या होतील फार तर. मी तीस वर्षं चारशे चाळीसच्या तारा ओढल्यात, पोरी. मनगटाएवढ्या."

हे वाक्य तिने तीन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं होतं की काकांनी तोंड उघडलं तरी तिच्या कपाळावर आठी पडायची. वर चढायचं तिने, कारण काकांचे गुडघे दुखतात. आणि काम बिघडलं की कोणाचं चुकलं, हे सांगून काका मोकळे.

आज ते तीन महिने संपत होते. प्रशिक्षणाचा कागद पाचच्या आत ऑफिसात द्यायचा होता. त्यावर सही झाली, तर शिकाऊ म्हणून पुढची दोन वर्षं नाव पक्कं, पगारासकट. नाही झाली, तर उद्यापासून घरी. कागद काकांच्या शर्टाच्या खिशात होता, चार घड्या घातलेला.

दुपारी काकूंचा फोन आला. "झाली का सही?" आवाज शिडीपर्यंत पोचला.

"अगं, घंटा तर वाजू दे आधी," काका म्हणाले आणि वर न बघता फोन खिशात टाकला.

मुलीने तारेच्या दोन्ही टोकांना मीटर लावून पाहिलं. जोडणी धड होती. तार मध्येच कुठेतरी गेली होती. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. पाइपमधून हिसका देऊन ओढली की असं होतं. ही तार काल काकांनी ओढली होती. "हळू, काका, नाजूक आहे," असं ती म्हणाली होती. "मला नको शिकवूस तार ओढायला," असं काका म्हणाले होते.

"तार आतून तुटलीय," ती म्हणाली.

"हल्ली मालच हलका येतो."

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. "अजून चाललंच आहे? चार वाजता नऊवर पेशंट येतोय. घशाचं ऑपरेशन झालंय, त्याला हाकसुद्धा मारता यायची नाही." त्या काकांकडे वळल्या. "मुलीकडून काम करून घेताय ते ठीक, पण जरा लक्ष ठेवा. आणि तू गं, इतका अनुभवी माणूस मिळालाय, नीट शिकून घे!"

मुलीने काकांकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं.

"करतो, सिस्टर," काका हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधत म्हणाले.

 मुलीने नवी तार काढली. "तुम्ही त्या टोकाकडून फक्त सोडत राहा," ती म्हणाली, आणि पाइपमधून वीत-वीत करत तिने स्वतः तार ओढून घेतली. काका गुपचूप सोडत राहिले. पावणेचारला नऊ नंबर वाजली.

बाहेर व्हरांड्यात ती पेटी आवरत होती. काकांनी कागद काढला, घड्या उलगडल्या, पेटीच्या झाकणावर ठेवून हाताने सपाट केला. पेनचं टोपण काढलं.

"सिस्टरांसमोर बोलायला हवं होतं मी."

"हो."

"जीभच उचलली नाही."

 काकांनी पेन तिच्यापुढे धरलं. तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'तार ओढताना ऐकत नाहीत.' थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मग 'शिकाऊ' म्हणून लिहिलेल्या काकांच्या नावाखाली, जिथे 'प्रशिक्षकाची सही' असं छापलं होतं, तिथे तिने सही केली.