सातव्या पानावरची सही

संरक्षण सचिव झाल्यावर पहिल्याच सकाळी पाटणकरसाहेबांनी एक जुनी फाइल मागवली. तोफांच्या कारखान्याचे महाव्यवस्थापक असताना नव्या क्रेनचा प्रस्ताव त्यांनीच धाडला होता. चार वर्षं झाली, मंजुरी नाही. जुनी क्रेन कधी कोसळेल, नेम नाही.

"कोण बसलंय हिच्यावर? आज त्याला तोफेच्या तोंडी देतो!"

कक्ष अधिकारी नेगींनी शांतपणे फाइल उघडली. "साहेब, सातव्या पानावर महाव्यवस्थापकांची सही राहिलीय. आम्ही तीनदा परत पाठवली."

तिन्ही वेळचा शेरा साहेबांच्याच अक्षरात होता : 'दिल्लीच्या बाबूंना वाचता येत नाही. आहे तशीच परत पाठवा.'

साहेबांनी गुपचूप पेन काढलं. नेगी खाकरले. "आता तुमची सही चालणार नाही. हल्लीच्या महाव्यवस्थापकांचीच लागेल."

त्या खुर्चीत आता साहेबांच्याच हाताखाली तयार झालेल्या रेवती दामले होत्या. साहेबांनी तडक फोन लावला.

"दामले, कागद आजच पाठवतोय. लगेच सही करा."

"करते ना, सर. पण तुम्हीच शिकवलंत, दिल्लीचा कागद आला की आधी आठवडाभर लोणच्यासारखा मुरू द्यायचा."