पाणमांजराचा रकाना

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर पदरचं नाही. ज्याला पटणार नाही त्यानं त्या नदीलाच जाऊन विचारावं, ती अजून तिथंच आहे.

तर आमची मावशी काठावरच्या चिखलात पालथी पडली होती. वय पासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. डोळ्यांना दुर्बीण. सकाळचे सहा वीस. समोरच्या वाळूशी पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं, मिशा निथळत होत्या.

पाणमांजर. सहा वर्षांत त्या नदीवर कुणाला दिसलं नव्हतं.

वर्षातून एकदा तिथं नदीकाठची जनावरं आणि पाखरं मोजायचे. हौशी माणसं, नऊ ठाणी, ठाण्याला दोघं. एकानं दुर्बिणीतून बघून आकडा सांगायचा, दुसऱ्यानं आपल्या डोळ्यांनी खात्री करून लिहायचा. आकडा जुळला नाही तर रकाना कोरा ठेवायचा. ठाण्यावर वाद घालायचा नाही, जनावरं पळतात. जे काय भांडायचं ते नंतर हॉलमध्ये, सगळ्यांदेखत.

मावशी कपडे शिवायची आणि थापा मारायची. तिच्या टेपवरचे इंचसुद्धा जरा लांबच होते म्हणतात. मागल्या वर्षी तिनं कागदावर सुसर लिहायला लावली, पलंगाएवढी. जोडीदार डुलक्या घेत होता, त्यानं तशीच सही ठोकली. ती सुसर निघाली ट्रकचं टायर. त्या एका टायरापायी नगरपालिकेनं सगळी मोजणी केराच्या टोपलीत टाकली, आणि यंदा त्याच काठावर बोटींचा धक्का बांधायला काढला. पाणमांजरांचं बिऱ्हाड तिथं आहे असं कागदावर आलं, तरच धक्का दुसरीकडे जाणार होता.

"मावशी, यंदा एक जरी थाप निघाली तर पुन्हा दुर्बीण मिळायची नाही," मोजणी चालवणारी जनावरांची डॉक्टरीण म्हणाली होती. "आणि सगळ्यांची मेहनत बुडेल ती वेगळीच."

आणि जोडीला दिली कोण, तर मावशीची सख्खी नणंद. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढलेली. भावाच्या लग्नात कुणी विचारलं, नवरी कशी आहे, तर "जरा तिरळी बघते" असं नवरीदेखत सांगणारी. ती नवरी म्हणजे मावशीच.

तर वाळूवर आई चढली. मागून एक पिल्लू. मग दुसरं, त्याच्या शेपटीला चावत तिसरं. मावशीच्या कानात ढोल वाजायला लागले. तेवढ्यात चौथं वर आलं. त्याच्या तोंडात मासा होता, आणि मासा त्याच्याहून लांब होता. एका बाजूनं उचलला की दुसऱ्या बाजूनं पिल्लूच कलंडत होतं.

मावशीनं शेजारी बघितलं. नणंदबाई चष्मा काढून रुमालानं पुसत होत्या.

मावशीनं बोटांवर पुन्हा मोजली. पाच म्हटलं तर लोक काय म्हणणार? झाली हिची सुसर सुरू. जन्मात पहिल्यांदाच तिला आपला आकडा मोठा वाटला.

"वन्सं," ती कुजबुजली, "लिहा. दोन."

नणंदेनं चष्मा चढवला. वाळूकडे दोनदा बघितलं, मग वहिनीकडे.

"किती?"

"दोन म्हटलं ना."

पेन्सिल हलली नाही. वाळूवरची सगळी सेना धपाधप पाण्यात उतरली आणि नुसते बुडबुडे राहिले. रकाना कोराच राहिला. दोनसुद्धा पटली नाहीत हिला, मावशीच्या मनात आलं, आणि तिनं दुर्बीण पिशवीत घालून टाकली.

हॉलमध्ये नगरपालिकेचे साहेब पेन उघडून बसले होते. डॉक्टरीण एकेक कागद वाचत गेली. आठ ठाणी झाली, पाणमांजर शून्य.

"ठाणं नऊ. बगळे चौदा. खंड्या तीन. पाणमांजर…" ती थांबली. "हा कोरा आहे."

साहेबांनी पेनला टोपण लावलं.

"आकडा जुळला नाही का?" डॉक्टरिणीनं विचारलं.

मावशी आपल्या पायावरचा वाळलेला चिखल खरवडत बसली. नणंद उठली.

"वहिनी खोटं बोलली. मी कसं लिहू?"

"यंदाची सुसर केवढी होती?" मागून कुणीतरी विचारलं आणि हॉल खिदळला.

खिडकीसमोरची रांग शांत होईपर्यंत शिक्का हातात धरून थांबावं, तशी नणंद थांबली.

"ती म्हणाली दोन. होती पाच. एक आई, चार पिल्लं. शेवटच्याच्या तोंडात त्याच्याहून लांब मासा होता. दोनदा मोजली." मग ती वहिनीकडे वळली. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून एक गोष्ट कधी कमी करून सांगितली नाहीस. आजच काय धाड भरली होती?"

"पाच कुणाला पटली असती, वन्सं?"

"मी होते ना शेजारी."

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. डॉक्टरिणीनं कागद पुढे केला, नणंदेनं आकडा घातला, खाली दोघींनी सह्या केल्या. मावशीची सही पहिल्यांदाच ओळीत मावली. धक्का दुसरीकडे गेला आणि पुढल्या वर्षीची दुर्बीण मावशीच्या गळ्यात तिथल्या तिथं पडली.

आता शपथ घेतलीच आहे, तर कबूल करते. एक आकडा मी पदरचा घातला. पाच नव्हती, सात होती. नणंदेनं भर हॉलमध्ये सातच सांगितली, सही आहे तिची. पण सुरुवातीलाच सात म्हटलं असतं, तर तुम्हाला तरी पटलं असतं का?