विहिरीचा अहवाल

पर्यावरण खात्यातल्या सहसंचालक उत्तरा चित्रे यांना तीस वर्षांच्या नोकरीत एकाच कामाचा अभिमान होता. नोकरीत नव्या असताना त्यांनी आंबिवलीजवळच्या एका गावातल्या विहिरी तपासल्या होत्या आणि शेजारच्या रंगाच्या कारखान्यामुळे पाणी नासलंय, असं अहवालात स्वच्छ लिहिलं होतं. साहेबांनी किती दटावलं, तरी एक शब्द बदलला नव्हता. कारखाना मात्र चालूच राहिला. आज त्याच्याच विस्ताराच्या जनसुनावणीला त्या व्यासपीठावर बसल्या होत्या. गावकरी पोटतिडकीने बोलत होते आणि परवानगी द्यायची हे वर आधीच ठरलंय, एवढं एकच उत्तराबाईंना सांगता येत नव्हतं.

सुनावणी आटोपून त्या गाडीकडे निघाल्या, तशा गावातल्या हौसाबाई आडव्या आल्या.

"मॅडम, वळखलंत का? तुमी माज्याच हिरीचं पानी नेलतं बाटलीत."

उत्तराबाईंना एकदम भडभडून आलं. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं त्या हळूच बोलून गेल्या, "मावशी, हा कारखाना आमच्याच्यानं बंद होणार नाही. जमीन विका आणि लेकरांना घेऊन निघा इथून."

"इकाया काढून बारा वर्सं झाली," हौसाबाई म्हणाल्या. आवाजात राग अजिबात नव्हता. "गिऱ्हाईक येतं, तुमचा अहवाल वाचतं, आन् हात जोडून माघारी जातं."