बादलीतली माती

बादलीचं झाकण निघताच सून नाक दाबून बाल्कनीच्या दारापर्यंत मागे गेली. “शी, आई, याहून गटार बरं.” सहा वर्षांपूर्वी माझं वाकडं मडकं पाहून हे पाहुण्यांसमोर म्हणाले होते, “मडक्याची स्वारी पिऊन आलीय वाटतं,” आणि मी उरलेली माती झाकून ठेवली होती. आज माझं मडकी घडवायचं चाक भंगारात जाणार होतं. मेलेल्या झुरळांसकट वरचं काळं पाणी ओतून मी माती उपसायला हात घातला. लगदा शेवाळासारखा बुळबुळीत होता, मी हात मागे घेतला. पण सवयीने गोळा दुमडला, तर एकही तडा गेला नाही. कुजलेली मातीच चाकावर उत्तम चढते, असं मला मातीकाम शिकवणारे गुरुजी सांगायचे. आता मला किळस आली ती एका टोमण्याला घाबरलेल्या स्वतःची. हे नाकाला रुमाल लावून आले. “भंगारवाला खाली थांबलाय.” “थांबू द्या. तुम्ही सरका, चाकाला जागा लागेल.”